भाऊ पहाटे येतो का?

"म्हणजे तुम्हाला आठवत नाही, की सांगायचं नाही?"

प्राध्यापक उकिडव्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अचलबाबा तांदूळ निवडत होते. सापडलेला खडा त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि उंबऱ्याबाहेर टाकला.

"ऊन फार आहे," ते म्हणाले. "पाणी घ्या."

उकिडवे पहाटे घरून निघाले होते. दोन एसट्या बदलल्या, मग शेवटचे चार मैल चालत. गोदावरीच्या काठचा हा मठ म्हणजे दोन खोल्या, मागं भाजीचा वाफा आणि एक चिंच. पण त्यांना मठाशी काही कर्तव्य नव्हतं. संन्यास घेण्याआधी बाबा तंबूच्या सिनेमात ऑपरेटर होते. गावोगावच्या जत्रांत मशीन चालवायचे. आणि त्या तंबूकडे गहिना-रायभानच्या पहिल्या चित्रपटाची अखेरची प्रत होती, एवढं उकिडव्यांनी अकरा वर्षं खपून शोधून काढलं होतं.

गहिना ही पाटलाची लेक. रायभान रंगाऱ्याचा मुलगा. गाव दोघांच्या जिवावर उठलं, तेव्हा गहिनाच्या भावानं त्यांना धान्याच्या रिकाम्या पेवात उतरवलं, तोंडावर शिळा सरकवली आणि म्हणाला, "पहाटे येऊन उघडतो." ही कथा त्या मुलखात पिढ्यान् पिढ्या सांगतात. पुढचं मात्र गावागणिक बदलतं. बहुतेक गावांत ती दोघं आत मरतात. दोन-चार गावांत सुटतात.

"पडद्यावर ही कथा चार वेळा आली," उकिडवे म्हणाले. "चारही मी अभ्यासलेत. म्हणजे... पहिला अपुरा. त्याचं शेवटचं रीळ कुठंच नाही."

"बाकीच्यांत काय आहे?"

उकिडवे सरसावून बसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

"दुसरा रंगीत. त्यात पेवाच्या अंधारात दोघं गातात, आणि गाता गाता श्वास संपतो. गाणं उत्तम, पण मरण खोटं. गुदमरणारा माणूस गात नाही."

"हं."

"तिसऱ्यात भाऊ येतो. उशिरा. शिळा ढकलतो, बहिणीचा हात बाहेर दिसतो, आणि तो छाती पिटतो. मला हा शेवट सगळ्यांत कच्चा वाटतो. असली माणसं पश्चात्ताप करत नाहीत, बाबा. प्रेक्षकाला घरी जाऊन सुखानं जेवता यावं, म्हणून केलेली ती सोय आहे."

बाबांचा हात सुपात थांबला.

"असा कुणी भाऊ पाहिलाय तुम्ही?"

"प्रत्यक्ष नाही. पण वाङ्मयात..."

"आणि चौथा?"

"चौथा चित्रपट नाही, मालिका. मोबाइलवर बघतात. त्यात भुयार आहे, बंदुका आहेत. त्याबद्दल न बोललेलं बरं."

"ह्या तिन्हींत भाऊ दुसऱ्या दिवशी काय करतो?"

"दुसऱ्या दिवशी?" उकिडवे अडखळले. "दुसरा दिवस नाहीच. दोघं गेली की चित्रपट संपतो."

"सगळीकडे?"

"सगळीकडेच."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा खडे निवडायला घेतले.

उकिडव्यांनी पिशवीतून जाडजूड हस्तलिखित काढलं. शेवटच्या प्रकरणाची चाळीस पानं त्यांनी न पाहिलेल्या रिळावर लिहिली होती. तोच शेवट चारांत श्रेष्ठ असणार, असं त्यांनी अंदाजानं मांडलं होतं. प्रकाशक थांबून होता.

"एक वाक्य द्या मला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली ऐट आता उतरली होती. "शिळा उघडते की नाही, एवढंच. अकरा वर्षं गेली यात. बायको म्हणते, तू आमच्यापेक्षा त्या दोन मेलेल्यांबरोबर जास्त राहिलास. खोटं नाही ते... मला आता हे संपवायचंय. थकलो मी."

बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"रीळ मी नदीत सोडलं," ते म्हणाले.

"काय?"

"ह्याच नदीत. खाली, डोहात."

हस्तलिखित उकिडव्यांच्या मांडीवरून घसरलं.

"अहो, जगात एकच प्रत होती ती!"

"होय."

"का? का केलंत असं?"

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. मागच्या चुलीवरून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"एका जत्रेत तंबू लागला होता," ते म्हणाले. "सेहेचाळीस वर्षं झाली. दुपारी मी मशीन पुसत बसलो होतो. कनातीच्या फटीतून एक मुलगी आत आली. असेल अठराची. कौतिका नाव. म्हणाली, 'भाऊ, एक विचारू का? आमच्याकडं गहिनाची गोष्ट दोन तऱ्हेनं सांगतात. कुणी म्हणतं भाऊ पहाटे येतो. कुणी म्हणतं येत नाही. तुमच्या पिक्चरमध्ये काय आहे?'"

"मग?"

"पदराची गाठ सोडायची, बांधायची. ओठ कोरडे. मला कळलं. जत्रेतल्या एका शिंप्याकडे काम करणारा पोरगा सकाळपासून तंबूभोवती घुटमळत होता, तोही दिसला होता मला... तिला गोष्ट नको होती, सर. तिला निघायचं होतं. आणि तिचा भाऊ तिला म्हणाला होता, 'उद्या तुम्हा दोघांना बैलगाडीनं एसटीच्या मोटारीपर्यंत सोडतो.' त्याच्यावर विसंबावं की नाही, एवढंच तिला पाहिजे होतं."

"ती हे तुम्हाला बोलली?"

"नाही. ते मागून कळलं. तिनं फक्त विचारलं, येतो का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"येतो म्हणालो."

बाबांनी सुपातला एक दाणा उचलला आणि परत टाकला.

"तिचा चेहरा असा सुटला... आजारातून उठल्यासारखा. संध्याकाळच्या खेळाला ती बायकांच्या बाजूला बसली होती. पुरुषांच्या बाजूला तिचा भाऊ. मी रिळामागून रीळ चढवलं. शिळा सरकवून गहिनाचा भाऊ म्हणतो, 'पहाटे येतो.' तिथं रीळ संपतं. शेवटचं हातात घेतलं आणि मशीनला लाववेना मला. दुपारी दिलेला शब्द खोटा कसा पाडू? म्हटलं, मशीन बिघडलं. लोकांनी शिव्या दिल्या. दगड आले. एक इथं लागला."

त्यांनी कपाळ दाखवलं नाही. नुसतं बोट उचललं आणि परत मांडीवर ठेवलं.

"मुलगी हसत गेली. जाताना मशीनकडे बघून तिनं हात जोडले."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी दोघं विहिरीत सापडली. गाडी मोटारीकडे गेलीच नव्हती. चुलत्यांकडे गेली. त्यानंतर ते रीळ मी कधी लावलं नाही. नदीत सोडलं."

उकिडव्यांनी मान खाली घातली.

पण त्यांच्यातला अभ्यासक मेला नव्हता. त्यांनी हळूच पेन काढलं.

"म्हणजे बाबा... रीळ दाखवलं असतं तर तुमचा शब्द खोटा पडला असता. याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या चित्रपटात भाऊ येत नाही! माझा अंदाज बरोबर होता. शिळा तशीच राहते. चाळीस पानांत मी तेच..."

त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. ती बाबांनी पाहिली.

"बाहेर जा," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चुलीपाशी एक म्हातारा भाकऱ्या थापतोय. त्याला सांगून या हे."

"त्यांना? त्यांना काय त्याचं?"

"तो कौतिकाचा भाऊ आहे."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"इथं... तुमच्याबरोबर?"

"चौदा वर्षं तुरुंगात होता. सुटला आणि मला हुडकत आला. तोवर मी मठात आलो होतो. पायरीवर बसला. मला वाटलं, मारायला आलाय. म्हणाला, 'ऑपरेटर, त्या दिवशी पिक्चर अर्धा का ठेवला?'"

बाबांनी तांदळात बोटं घातली आणि तशीच ठेवली.

"म्हणाला, 'माझं मन ठरत नव्हतं. चुलते मागं लागले होते. आणि ती दादा, दादा करत होती. म्हटलं, ह्या पिक्चरमधला भाऊ काय करतो ते बघू. आणि तुम्ही दिवे लावले.'"

उकिडव्यांनी पेन खिशाला लावलं.

"कुणी असं म्हणतं का, सर? पिक्चर बघून ठरवीन? मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, 'माणूस कशावरही ठरवतो. ठरवायला काहीतरी पाहिजे असतं.'"

"मग तुम्ही सांगितलंत? रिळात काय होतं ते?"

"काय सांगू? त्यात भाऊ येतो म्हटलं, तर त्यानं म्हणायचं, हे दिसलं असतं तर मीही गेलो असतो. येत नाही म्हटलं, तर म्हणायचं, ते बघून मला शिसारी आली असती, मी गेलो असतो. दोन्हीकडून ती जगतेच... आणि मारणारे आम्ही दोघंच उरतो."

चिंचेवर कावळा ओरडला.

"वर्षातून एकदा तो विचारतो. जत्रेच्या दिवसांत. मी म्हणतो, आठवत नाही. तीस वर्षं झाली."

"आज..."

"जत्रा कालच झाली. अजून विचारलेलं नाही."

तेवढ्यात दारात सावली पडली. उंच, वाकलेला, सत्तरीच्या घरातला माणूस. हाताला पीठ.

"बाबा, पानं वाढली," तो म्हणाला. मग उकिडव्यांकडे वळून, "चला सर. वांग्याची भाजी हाय. मठातलीच."

त्याचं नाव रंभाजी. तिघं चुलीजवळ बसले. रंभाजीनं पाहुण्याच्या ताटात तव्यावरची गरम भाकरी घातली, स्वतःच्या ताटात सकाळची. उकिडव्यांची नजर पुन्हा पुन्हा रंभाजीच्या हातांकडे जायची. साधे हात होते. नखांत माती.

"बाबा म्हणाले, तुम्ही सिनेमांवर पुस्तकं लिहिता," रंभाजी म्हणाला.

"हो."

"गहिनाच्याबी?"

उकिडव्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा भाजीत भाकरी कुस्करत होते.

"हो. गहिनाच्याही."

रंभाजीनं घास खाली ठेवला. पीठ लागलेले हात धोतराला पुसले.

"मग एक इचारू का सर? त्यो पैला, काळापांढरा पिक्चर. त्याच्यात भाऊ येतो का हो पहाटं?"

चुलीत लाकूड खसकलं.

उत्तर उकिडव्यांच्या ओठांवर होतं. चाळीस पानं होती. अकरा वर्षं होती. खोटंही तयार होतं, तेही कुणीतरी पूर्वी दिलेलंच. त्यांनी तोंड उघडलं...

रंभाजी वाट बघत होता. त्याची मान किंचित पुढं आली होती, ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखी.

"ते रीळ... मिळालं नाही, दादा," उकिडवे म्हणाले. "मला माहीत नाही."

"माहीत नाही," रंभाजी म्हणाला. त्यानं दोनदा मान हलवली. "तुमच्यासारख्यालाबी न्हाई म्हणायचं."

मग तो उठला आणि त्यानं पाहुण्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली.

"खा सर. लांब जायचंय तुमास्नी."

उकिडव्यांनी ती सगळी खाल्ली. डोळे पुसायला त्यांनी मान वळवली, तेव्हा रंभाजीनं तिकडं न बघता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

ऊन कललं, तसे बाबा त्यांना वाटेपर्यंत सोडायला आले. काठी टेकत, दर वीस पावलांवर थांबत.

"तुम्ही मला सांगू शकला असता," उकिडवे म्हणाले. "खरं काय होतं ते. मी त्यांना बोललो नसतो."

"आता विचारायचंय?"

उकिडवे थांबले. पिशवीत हस्तलिखित होतं. पिशवीचा पट्टा खांद्याला रुतत होता. त्यांनी तो दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"नाही," ते म्हणाले.

दोघं पुढं चालले. वाटेचा फाटा आला. समोरून धुरळा उडवत बैलगाडी गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बाबा बाजूला उभे राहिले, चेहरा वळवून.

"ती चाळीस पानं मी काढून टाकतो," उकिडवे म्हणाले. "पण पहिल्या चित्रपटाचं शेवटचं रीळ का नाही, याचं कारण तर द्यावंच लागेल. लोक विचारतील. काय लिहू, बाबा?"

बाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांचे डोळे मिटत आले होते.

"लिहा, रीळ हरवलं..." ते म्हणाले. "ऑपरेटरला झोप लागली होती."