हौसा तेलिणीचा साक्षीदार

सोनखळीच्या ठाणेदाराला एक परका माणूस हवा होता, आणि तोही सुभेदारसाहेब पाहणीला येण्याच्या आत!

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. नदीपलीकडच्या राजाने हा मुलूख जिंकला, गावोगावी ठाणी बसवली आणि हुकूम सोडला की गावात कुणी परका आढळला तर तो शत्रूचा हेर समजावा आणि नव्या किल्ल्यावर दगड फोडायला धाडावा. सोनखळीला दौलतजी नावाचे ठाणेदार आले. त्यांचे शिपाई लोकांच्या ओसऱ्यांवर झोपू लागले आणि गावातल्या कोंबड्या कमी होऊ लागल्या. हेर मात्र एकही सापडेना. सापडणार कुठून? हेरावं असं सोनखळीत होतं तरी काय! पण सुभेदारांना रिकामे हात कसे दाखवायचे, या काळजीने दौलतजींना जेवण गोड लागेना.

अशात भिवा तेली घरी परतला. लढाईच्या तोंडावर तो तेलाचे बुधले घेऊन घाटाखाली गेला होता, रस्ते बंद झाले आणि तिकडेच अडकला. आला तो दाढी वाढलेली, डोक्याला घाटाखालचं मुंडासं. गावाबाहेरच्या ओढ्यावरच शिपायांनी त्याला धरला आणि मुसक्या बांधून राहुटीत कोंडला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! दौलतजी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

भिवाची बायको हौसा धावत ठाण्यावर गेली. मेला म्हणून ज्याची आशा सोडली होती, तो नवरा जिवंत आला आणि दारात पोचायच्या आधीच गेला, हे तिला सोसवेना. तिने सांगितलं, हा माझा घरधनी आहे, सारा गाव ओळखतो. दौलतजी म्हणाले, जिंकलेल्या मुलखातल्या माणसाची साक्ष आमचं सरकार धरत नाही.

“मग कुणाची धरता, सरकार?”

दौलतजींनी मिशीला पीळ दिला. “असा साक्षीदार आण, जो तुमच्या राजाच्या बाजूने नाही आणि आमच्याही नाही. जो लाच खाऊन फितत नाही, पढवलेलं बोलत नाही. उद्या सुभेदारसाहेबांपुढे उभा कर. नाहीतर नवऱ्याला निरोप द्यायला ये.”

शिपाई खो खो हसले. हौसा घरी आली आणि घाण्याला टेकून पोटभर रडली. किल्ल्यावर दगड फोडायला गेलेला माणूस परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग तिने डोळे पुसले, चूल पेटवली आणि नवरा उद्या जेवायला घरी असणारच, अशा थाटात त्याच्या आवडीचे हुलगे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सुभेदार बसले. म्हातारा, जाडजूड माणूस, जिंकलेली गावं पाहून पाहून कंटाळलेला. दौलतजींनी हेर पकडल्याची हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. हौसा एकटीच आली.

“साक्षीदार कुठाय?” सुभेदारांनी विचारलं.

“वेशीवर हाय, मायबाप. माझ्या माणसाला सोडा आणि वेशीतनं चावडीपत्तुर एकट्याला चालू द्या. साक्षीदार आपणहून बोलंल.”

दौलतजी कुरकुरले. सुभेदारांनी वेशीबाहेर पहारा ठेवला आणि भिवाला तिथे नेऊन सोडायला सांगितलं. चावडीवरून सगळे बघत असताना भिवा वेशीतून आत आला. तिथे पडलेली गावची कुत्री कान टवकारून उठली. एकाने त्याला हुंगलं, दुसऱ्याने शेपटी हलवली, आणि मग सगळीच त्याच्याभोवती पिंगा घालू लागली! त्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याने तर पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर टेकवले. भिवाचा बांध तिथेच फुटला.

“ह्यो माझा साक्षीदार,” हौसा त्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाली. “ह्यो कुठल्या राजाकडनं लढला न्हाई. ह्याला पढवता येत न्हाई. लाचेचं म्हणाल, तर ठाण्यातली हाडकं वरीसभर चघळतोय, पर फितला न्हाई.”

दौलतजींना हसू आवरेना. गावची कुत्री, ती कुणापुढेही शेपटी हलवतात, असं ते म्हणाले, आणि ते दाखवायला स्वतःच ताडताड वेशीकडे निघाले. कुणी थांबवलं नाही. हौसाने तर मुळीच नाही.

परतीच्या वाटेवर काय झालं ते सोनखळीची पोरं अजून करून दाखवतात. दौलतजी वेशीतून आत वळले मात्र, सगळी कुत्री भुंकत अंगावर आली. ठाणेदार पागोटं सावरत पळाले आणि चावडीवर चढले, तेव्हा अंगरख्याच्या घेराचा एक तुकडा त्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडात राहिला होता.

“साहेब, आम्ही येता-जाता दगड मारतो, म्हणून भुंकतात ती!” दौलतजी धापा टाकत म्हणाले.

“म्हणजे साक्षीदाराला मारहाणही केलीत?” सुभेदारांनी विचारलं.

दौलतजी फाटका अंगरखा सावरू लागले. कुत्री मात्र चावडीखाली उभी राहून त्यांच्याकडेच तोंड करून भुंकत होती. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना, तेव्हा एक शिपाई काठी घेऊन त्यांना हाकलायला निघाला. हौसा आडवी आली.

“थांबा दादा. साक्षीदाराचं बोलणं अजून संपलं न्हाई.”

सुभेदार असे हसले, की पोट धरून लोडावर आडवे झाले. डोळे पुसत त्यांनी भिवाला घरी जायला सांगितलं. मग ते दौलतजींकडे वळले. परका कोण हे तुम्हीच मागितलेल्या साक्षीदाराने सांगितलं, तेव्हा दगड फोडायला जाता, की शिपायांसकट ठाणं वेशीबाहेरच्या माळावर नेता? दौलतजींनी माळ पत्करला.

सुभेदारांनी आपला जरीचा शेला हौसाच्या ओटीत घातला आणि जायला उठले. चावडीच्या पायरीवर मात्र ते थबकले. खाली कुत्री त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तेवढी वेशीपर्यंत सोबत ये. मीही परकाच आहे.”