मासोळीने सांगितलेली काटकसर

एक होता राजा, धवल त्याचं नाव. त्याच्या गावात भलंमोठं तळं होतं. मग काय, लोक पाणी वाट्टेल तसं सांडायचे. सडा घालायचा तर घागरीच्या घागरी उपड्या!

एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी पार तळाशी गेलं. मग एक म्हातारी मासोळी वर आली आणि चक्क माणसासारखी बोलली, बरं का! म्हणाली, "राजा, पावसाला तीन महिने आहेत. काटकसर कर, नाहीतर तुम्हीही मराल नि आम्हीही."

राजाला तो शब्दच ठाऊक नव्हता. त्याने प्रधानाला विचारलं. प्रधान म्हणाला, "काटकसर म्हणजे कुणाला काही द्यायचं नाही." मग तळ्यावर पहारा बसला. वासरं हंबरू लागली, लेकरं रडू लागली. मासोळी म्हणाली, "अरे, हा तर चिक्कूपणा!"

मग सेनापती म्हणाला, "सगळ्यांना रोज दोन तांबे." हत्तीलाही दोन, पोपटालाही दोन! पोपट मजेत डुंबला, हत्ती मात्र घेरी येऊन बसला. मासोळी म्हणाली, "हा आडमुठेपणा!"

आता राजा स्वतःच गावात निघाला. साळू कुंभारणीच्या दारात थबकला. ती तांदूळ धूत होती. ते पाणी तिने शेळीला पाजलं. हात धुतले ते दोडक्याच्या वेलावर. एक थेंब वाया गेला नाही! इतक्यात उन्हाने करपलेला एक वाटसरू आला. साळूने त्याला काठोकाठ भरलेला तांब्या दिला.

राजा म्हणाला, "बाई, थेंब थेंब जपता, आणि परक्याला अख्खा तांब्या?"

साळू म्हणाली, "महाराज, तहानेल्याला देता यावं म्हणूनच तर जपलं. जिथं सांडतं तिथं हात आवरायचा, जिथं लागतं तिथं आखडायचा नाही."

राजाने तिला हात जोडले. मग गावाने तसंच केलं. हत्तीला हौद भरून मिळाला, पोपटाला वाटीभर. बाळंतिणीच्या घरी गरम पाण्याला तोटा पडला नाही. सडे तेवढे थांबले. पाणी आषाढापर्यंत पुरलं, मासोळ्याही वाचल्या, आणि सगळे सुखात राहिले.

चला, पांघरुणं घ्या. मिटा डोळे.