दुसरा ठिपका

करर्र... माळावरच्या सगळ्या अँटेना एकदम वळायच्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो थांबला की आमच्या दुर्बीण केंद्राच्या कँटीनमधलं बोलणं ऐकू यायचं.

"मग पाठवू ना, बाई?" कौस्तुभ विचारत होता.

नलिनीबाई त्याच्या गुरू. देशोदेशींच्या अँटेना एकत्र जोडून त्याने एका दीर्घिकेचं झगझगीत काळीज फार बारीक पाहिलं होतं. इतरांना तिथे एकच ठिपका दिसे. याला दोन दिसले. म्हणजे दोन कृष्णविवरं! शोधनिबंध संध्याकाळी जायचा होता. त्यावर बाईंचंही नाव होतं.

"जगात कुणालाच दिसलं नाही हे, बाई."

"म्हणून तर विचारते. नोंदींतल्या चुका काढताना, चित्र कसं असेल याचा पहिला अंदाज संगणकाला काय दिलास?"

"दोन ठिपक्यांचा. दोन आहेतच ना!"

बाईंनी समोरचा निबंध मिटून बाजूला ठेवला.

मग म्हणाल्या, "धोंडीभाऊ, दोन चहा."

मी कप ठेवले. कौस्तुभने घोट घेतला.

"आज आलं जरा जास्तच पडलंय, नाही?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो ना. घशाला झोंबतंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा त्याला."

"आलं कालच संपलं, दादा. बाईंना सकाळीच सांगितलं होतं."

कौस्तुभ हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो कपात बघत राहिला.

"म्हणजे मी आधीच दोन धरले, म्हणून त्या दीर्घिकेत..."

"मी कुठे काय म्हटलं? चहा पी."

चहा तसाच ठेवून तो धावत गेला.

उन्हं कलल्यावर परतला. डोक्यावरचा भारा उतरवावा तसा खुर्चीत बसला.

"एकच ठिपका धरून सुरुवात केली, बाई. दुसरा उमटलाच नाही."

"वाईट वाटलं?"

"मघाशी वाटलं. आता... सुटलो. खरं सांगू? किती दिवस रात्री पुन्हा पुन्हा तपासत होतो. पाठवला असता तर तुमच्याही नावाला..."

"नाही ना पाठवलास? झालं तर मग."

मी त्याच्यापुढे ताजा चहा ठेवला. त्याने कप ओठाला लावला.

"आता सांग," बाई म्हणाल्या, "वेलची कशी उतरलीय?"

कौस्तुभ डोळे मिटून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याला. कप स्वतः विसळून पालथा घातला.

आणि गालातल्या गालात हसत, वेलचीचं हो की नाही न सांगता, माळाच्या वाटेने चालू लागला.