उताराची परीक्षा

चढताना जी गाडी एकदाही घसरली नाही, ती उतरताना का घसरली?

एका धाकट्या कोल्ह्याने हा प्रश्न डोंगरातल्या सगळ्यांना विचारला. अस्वल म्हणाले, गेलेल्याबद्दल फार विचारू नये. डोमकावळा म्हणाला, त्याची वेळ आली होती. याकाने नुसती मान हलवली आणि तो रवंथ करत राहिला. मुलांनो, ही उत्तरे नव्हेत. विचारणाऱ्याने गप्प बसावे म्हणून असे बोलतात. पण हा कोल्हा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

जिथे अर्धे वर्ष बर्फ असते अशा एका उंच डोंगरात हा कोल्हा आणि त्याचा थोरला भाऊ राहत असत. थोरला शांत होता. धाकटा आधी उडी मारायचा आणि मग खाली काय आहे ते बघायचा. दोघांची मिळून एक पिकअप होती. खिंडीवरच्या वस्तीत मीठ, गवत आणि सरपण पोहोचवायचे आणि थंडी वाढली की तिथल्या प्राण्यांना खाली आणायचे, हे त्यांचे काम.

पहिले बर्फ पडले की सगळे गाडीवाले याकाच्या दुकानात बर्फाचे टायर घ्यायला जात. तिथली रीत ठरलेली होती. नवे टायर मागच्या दोन चाकांना लावायचे, गाडीत माल भरायचा आणि दुकानामागच्या गोठलेल्या चढणीवर गाडी घालायची. गाडी वर गेली की टायर पास. खाली यायला पलीकडून उन्हातली कोरडी वाट होती. पुढच्या चाकांना जुने साधे टायरच राहत, कारण पिकअपला ढकलतात ती मागची चाके, पुढची नुसती फिरतात, असे सगळे म्हणत. थोरल्याची गाडी दर वर्षी पहिल्या दमात चढायची. लोक टाळ्या वाजवायचे.

मागच्या हिवाळ्यात खिंडीखालच्या वळणावर तीच गाडी सरळ दरीत गेली. थोरल्याने स्टिअरिंग वळवले होते, चाकेही वळली होती, हे कड्यावरच्या रानबकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. तरी गाडी वळली नाही. ती झाडांत अडकली म्हणून परत मिळाली. थोरला परत मिळाला नाही.

त्याची बायको दोन पिल्लांना घेऊन वरच्या वस्तीत आपल्या आईकडे जाऊन राहिली. आता पुन्हा बर्फ पडू लागले होते. वर सगळ्यांना पुरेल एवढे खाणे नव्हते. खिंड बंद झाली असती तर पिल्लांनी हिवाळा काढला नसता. आणि वहिनीचा निरोप आला होता की त्या गाडीत ती पिल्लांना बसवणार नाही, चालत उतरेल. त्या बर्फात पिल्ले कानापर्यंत बुडाली असती.

धाकटा निरोप ऐकून उठला तो थेट याकाच्या दुकानात गेला. "याककाका, तुमच्याकडचे सगळ्यात दातेरी टायर काढा," तो म्हणाला. याकाने जाड, रुंद, मोठमोठ्या दात्यांचे टायर काढले. नुसते बघूनच बर्फ पळून जाईल असे ते होते. रीतीप्रमाणे ते मागे लावले. धाकट्याने गाडी अशी चढवली की टाळ्या थांबेनात. मग माथ्यावर पोहोचल्यावर त्याच्या मनात काय आले कोण जाणे, कोरड्या वाटेकडे न जाता त्याने गाडी फिरवली आणि त्याच गोठलेल्या चढणीवरून खाली सोडली.

अर्ध्यावर त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्याने स्टिअरिंग गरागरा फिरवले. गाडी सरळच गेली आणि याकाच्या गवताच्या गंजीत घुसली. डोमकावळ्याने वरून विचारले की आत चांगलं ऊबदार आहे का, पांघरूण पाठवू का. सगळे हसले. धाकटा गवत झटकत बाहेर आला आणि हसणाऱ्यांकडे न बघता गाडीच्या खुणा बघत उलटा वर चालत गेला. मागच्या चाकांनी बर्फात खोल ओरखडे काढले होते. पुढच्या चाकांची खूण म्हणजे दोन गुळगुळीत पट्टे. ती चाके वळलेली होती, पण तशीच आडवी घसरत आली होती.

तो तिथेच बसला. पुसल्यासारखे ते दोन पट्टे त्याने पंजाने चाचपून पाहिले. मग खाली येऊन म्हणाला, "काका, मागची चाकं ढकलतात. वळवतात ती पुढची. आणि उतरताना गाडीचं सगळं ओझं पुढच्यांवरच येतं. मला चारही चाकांना बर्फाचे टायर हवेत."

"पुढे कुणी घालत नाही," याक म्हणाला. "माझ्या बापानं विकले नाहीत, मी विकले नाहीत."

"तुमच्या बापाची गाडी कधी उतरली का इथून?"

याक रवंथ करायचा थांबला. त्याने दुकानाचे दार पूर्ण उघडले आणि काय हवे ते घे म्हणून सांगितले.

त्या दिवसापासून धाकटा एकेक प्रकारचे टायर लावून चढणीवरून उतरू लागला. चढायला तो कोरड्या वाटेने जायचा, उतरायला बर्फावरून. दातेरी टायर चारही चाकांना लावून पाहिले. गाडी वळली, पण थांबायला फार लांब गेली. पहाटेच्या थंडीत त्याने त्यांना नख लावून पाहिले तर ते खुरासारखे टणक झाले होते. ते चिखलाचे टायर होते. शेवटी कोपऱ्यात पडलेले अरुंद टायर त्याने बाहेर ओढले. त्यांच्यावर बारीक बारीक चिरा होत्या, कडेला डोंगर आणि त्यात हिमकण अशी खऱ्या बर्फाच्या टायरची खूण होती. कडाक्याच्या थंडीतही नख लावले की रबर दबत होते. डोमकावळा म्हणाला, "या चिरांनी बर्फाला गुदगुल्या करणार का?" धाकट्याने ते चारही चाकांना लावले, गाडी वरून सोडली आणि अर्ध्यावर ब्रेक दाबला. गाडी चढणीच्या मध्यावर थांबली, उतारावरच, आणि थांबूनच राहिली. डोमकावळा दुसऱ्या झाडावर जाऊन बसला.

धाकटा वरच्या वस्तीत पोहोचला तेव्हा वहिनी पिल्लांना मागे घेऊन दारात उभी राहिली. "भाऊजी, तुमचे दादाही हेच म्हणायचे. बस, काही होत नाही, असंच म्हणायचे."

"मी तसं म्हणत नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही बसू नका. नुसतं बघा."

थोरल्याची गाडी जिथून दरीत गेली होती त्या वळणावर तो एकटाच गाडी घेऊन गेला. वहिनी, पिल्ले आणि त्यांची म्हातारी आजी वरून बघत होती. दरी जिथे उघडते तिथेच, वळणाच्या मध्यावर, त्याने गाडी थांबवली. मग तो खाली उतरला आणि गाडीच्या पुढे, उताराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. वर सगळी गाडी, खाली सगळी दरी आणि मध्ये तो. गाडी केसभरही सरकली नाही.

वहिनी धावत खाली आली. "आधी बाजूला व्हा," ती म्हणाली. "वेडे आहात तुम्ही." तो बाजूला झाला. तिने वाकून चारही चाके पाहिली, पुढची जास्त वेळ पाहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "पिल्लांना आणते."

आजी काही बसली नाही. तुम्ही आधी खाली पोहोचा, मग माझं बघू, असे तिचे म्हणणे पडले. उतरताना त्या वळणावर मोठ्या पिल्लाने विचारले, "बाबा इथूनच गेले का?"

"हो, इथूनच."

"मग आपण?"

"आपण वळणार," काका म्हणाला आणि त्याने गाडी हळूच वळवली.

ते खाली पोहोचले. नंतर वहिनी गाडी शिकायला लागली. ती आधी उतरायला शिकली, मग चढायला. खिंड बंद व्हायच्या आत एकदा शेवटची खेप करून आजीला आणायचे होते. धाकटा निघालाच होता. वहिनी म्हणाली, "माझी आई आहे. मी जाते." धाकट्याने किल्ली तिच्या हातात दिली. त्याने पंजाने पुढच्या काचेवरचे बर्फ खरवडून काढले, वहिनी आत बसल्यावर दार नीट लावले, आणि तो रस्त्यातून बाजूला झाला.

तात्पर्य : जे आपल्याला वर नेते त्याला सगळेच पारखतात, जे आपल्याला सुखरूप खाली आणते ते आपण आधी पारखावे, आणि पारखून झाले की आपल्या माणसांना त्यावर विश्वासाने सोडावे.