पाठ फिरवलेली आग

एका राज्यात मातीत तंबाखूखेरीज दुसरं पीक तग धरत नसे, आणि तंबाखूला आगीखेरीज रंग चढत नसे. हिरवं पान भट्टीत टांगायचं, खाली लाकडं पेटवायची, की पान सोन्यासारखं पिवळं होई. त्या सोन्यावर साऱ्या राज्याचं पोट चाले. राजाचं नाव पर्णसेन, राणीचं नाव हेमकळा.

भट्ट्या लाकूड खात गेल्या, अरण्य मागे मागे सरत गेलं. शेवटी कुऱ्हाड पडली ती एका जुनाट बेहड्यावर. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती. त्यांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड लिंपून तिने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं. धनेश चोचीत उंबर घेऊन आला, तेव्हा झाड आडवं पडलेलं होतं. तो साधा पक्षी नव्हता, अरण्याचा मांत्रिक होता. तो थेट राजवाड्याच्या खिडकीत येऊन बसला.

"राजा, माझ्या कोंडलेल्या राणीसकट तू झाड पाडलंस. आता भट्टीत लाकूड जळेल तसतशी तुझीही राणी लाकडात कोंडत जाईल."

शाप उच्चारला आणि हेमकळेच्या पायाची बोटं लाकडाची झाली. पण शापाला माणूस कळत नाही की पक्षी कळत नाही. त्याच क्षणी पडलेल्या ओंडक्याची ढोली बुजली, आणि धनेशाची मादीही आतल्या आत लाकूड झाली.

"मग शाप मागे घे," राजा म्हणाला.

"तोंडातून गेलेला शब्द आता माझाही राहिला नाही," धनेश खालच्या आवाजात बोलला. "ज्याच्यासाठी एकही झाड पडलेलं नाही, असा अग्नी आण. त्याच्यावर पान पिवळं झालं तर दोघी सुटतील."

राजाने भट्ट्या विझवायला सांगितल्या. राणीने त्याला थांबवलं.

"पान हिरवंच कुजलं तर लोक काय खातील? तुम्ही अग्नी शोधा, महाराज. मी इथेच आहे. उठून तरी कुठे जाणार?"

राजा उत्तरेला गेला आणि पेटत्या डोंगराच्या मुखातला अग्नी दगडी हंडीत घेऊन आला. त्यावर पान टांगताक्षणी काळं ठिक्कर पडलं. तोवर लाकडाच्या भट्ट्या चालूच होत्या; राणी गुडघ्यापर्यंत लाकूड झाली.

राजा पाताळात गेला. नागराजाने आपल्या फण्यावरचा तेजस्वी मणी दिला. भट्टी उजळून निघाली, पण ऊब काही येईना. पान हिरवंच राहिलं. राणी कमरेपर्यंत लाकूड झाली.

राजा एका चेटकिणीकडे गेला. तिने आरशात सूर्य धरून दिला. दिवसभर भट्टी तापली, पण मावळतीला आरसा आंधळा झाला आणि दमट पानाला बुरशी चढली. राणी छातीपर्यंत लाकूड झाली. श्वास घेताना तिला आत कुठेतरी फळी करकरल्यासारखं वाटे.

"तीनदा गेला, तीनदा आला," धनेश खिडकीतून म्हणाला. "पाय मात्र भक्कम आहेत तुझ्या नवऱ्याचे."

"तुझी जीभही भक्कम आहे," राणी म्हणाली. "तिच्यामुळेच आपण दोघं इथे बसलो आहोत."

धनेशाने मान पंखात घातली.

त्या राज्यात एक रीत होती. पानं खुडून झाली की शेतात तंबाखूची नागडी खोडं उरत. खोड म्हणजे मातीचा कस पिणारी डाकीण, असं लोक मानत. ती खोडं उपटून बांधावर रचायची, पेटवायची आणि पाठ फिरवून घर गाठायचं. मागे वळून पाहायचं नाही. राजाही पाहत नसे.

त्या संध्याकाळी खालच्या रानात खोडं पेटली. वरच्या रानातलं पान अजून भट्टीत जायचं होतं. राणीला पाठ फिरवता येत नव्हती. तिची मानच तेवढी हलत होती. तिने पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"भागू, त्या आगीसाठी कोणतं झाड पडलं गं?"

म्हातारी दासी खिडकीकडे पाठ करून उभी होती. "तिकडे बघू नये, राणीसाहेब."

"बघू नये ते खरं. पण झाड कोणतं?"

भागू विचारात पडली. "झाड कसलं? कचराच तो."

राणीने राजाला बोलावलं. "महाराज, तुम्ही पाताळात जाऊन आलात. आता बांधावर जाऊन या."

राजाने भट्ट्यांतलं लाकूड काढलं आणि खोडं घातली. ती भुरकन पेटली, भुरकन विझली. पान ठिपक्याठिपक्यांचं झालं. पण राणी जिथवर लाकूड झाली होती तिथेच थांबली, पुढे तसूभरही सरकली नाही. धनेश ताडकन उभा राहिला.

"आग खरी आहे," तो म्हणाला. "टिकत नाही एवढंच."

"शेणात कालवून थापली तर टिकेल," भागू म्हणाली आणि लगेच ओशाळली. "म्हणजे, गोवरी टिकते म्हणून म्हटलं."

मग सगळं राज्य कामाला लागलं. खोडं कुटली, शेणात कालवली, दाबून दाबून थापली आणि उन्हात कडक वाळवली. राजाचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले. भट्टी पेटली. आग भडकली नाही, विझलीही नाही. संथ धगधगत राहिली. सगळे तिच्याकडे तोंड करून बसले होते.

पानाच्या कडा आधी पिवळ्या झाल्या, मग शिरा, मग सगळं पान.

भट्टीच्या अंगणात आणून टाकलेला बेहड्याचा ओंडका तडकला. फटीतून आधी चोच आली, मग विस्कटलेले पंख. धनेश झेपावत तिच्यापाशी गेला. तिने मात्र त्याला चांगली टोच मारली.

राजा धावत महालात आला.

"राणी, कसं वाटतंय?"

"पायांना मुंग्या आल्यात," हेमकळा म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, रडूही आवरेना. "फार मुंग्या आल्यात, महाराज. हात धरा."

पुढे त्या राज्यात भट्टीसाठी झाड पडलं नाही. खोडांची राख शेतातच परत जाऊ लागली, आणि टेकडीवरून अरण्य पुन्हा खाली उतरू लागलं. खोडांची आग पेटली की म्हातारी माणसं अजूनही सवयीने पाठ फिरवतात. मग राणी आठवते, आणि हळूच वळून पाहतात. त्यांची नजर निवाली, तशी तुमचीही निवो.