ग्लासभर विश्वास

टाकीचं पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा ईमेल नगरपरिषदेच्या विकतच्या स्पॅम फिल्टरनं कचऱ्यात टाकला. तो सापडेपर्यंत गाव ते पाणी प्यालं होतं. दवाखान्यात रुग्णांना जमिनीवर निजवावं लागत होतं.

“ईमेल का अडवला?” संगणक विभागाच्या वृषाली ताम्हाणेंनी विचारलं.

“ते कंपनीचं गुपित आहे. विश्वास ठेवा,” फिल्टर विकणारे सरपोतदार म्हणाले.

“ताम्हाणेबाई, तुम्ही सुचवलेल्या त्या फुकटच्या ओपन सोर्स फिल्टरचा कोड तर कुणीही उघडून बघतं!” मुख्याधिकारी गरजले.

“म्हणून तर त्याची चूकही दिसते, साहेब.”

ताम्हाणेंनी ग्लासभर पाणी आणून सरपोतदारांपुढे ठेवलं.

सरपोतदारांचा चेहरा उतरला. “हे कुठलं पाणी?”

“ते आमचं गुपित आहे. विश्वास ठेवा आणि प्या.”

ग्लासाला कुणी हात लावला नाही. मुख्याधिकारी कसेबसे म्हणाले, “बाई, तुमचंच बसवा. आजच.”