सहकुटुंब सहपरिवार

सांगलीच्या रणनवरेसाहेबांच्या कंपनीत त्यांच्यासमोर पंखासुद्धा जपून फिरायचा. संध्याकाळी एका पॅथॉलॉजी लॅबचं ॲप सुरू व्हायचं होतं आणि ते बनवणारी केतकी मात्र थांबा म्हणत होती.

"सर, आपल्या जावास्क्रिप्टच्या फायलींचं एक गाठोडं बांधून देणारं जे टूल आहे ना, त्यातून चोर शिरू शकतो. कुणाला कोणता आजार आहे, ते गावभर होईल."

"अगं, टूल नावाजलेलं आहे!"

"टूल चांगलंच आहे. पण ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या पॅकेजांवर चालतं आणि ती पॅकेजं आणखी चार पॅकेजं ओढून आणतात. भोकं त्यांच्यात आहेत."

"मग आपला काय संबंध?" साहेब गरजले. "मी टूलला बोलावलं, त्याच्या गोतावळ्याला नाही! पटेल असं काही सांग, नाहीतर ॲप आजच सुरू होणार. आणि हे घे, आमच्या कन्येच्या लग्नाला यायचं."

केतकीने हातातली पत्रिका उघडून मोठ्याने वाचली, "'सहकुटुंब सहपरिवार यावे.' सर, उद्या एखाद्या पाहुण्याच्या मेव्हण्याच्या मित्राने नवरीचे दागिने लांबवले, तर 'मी त्याला बोलावलंच नव्हतं' म्हटल्याने ते परत येतील का?"

सगळं ऑफिस खुदकन हसलं. साहेबांचा चेहरा पडला.

"तारीख पुढे ढकला," ते पुटपुटले.

"लग्नाची?"

"ॲपची गं! आधी ती भोकं बुजव." दारापर्यंत जाऊन साहेब वळले. "आणि लग्नाला तू एकटीच ये!"